चौदा नंबरची संमती

१

ज्या कागदाला आपण हातही लावला नाही, त्या कागदावर सहीच्या जागी आपला शिक्का आहे हे सावाको ओनुकींना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि तेही एका परक्या माणसाच्या फोनवरून. घरं बांधणाऱ्या कंपनीचा तो तरुण फोनवरसुद्धा कमरेत वाकत असावा, इतक्या वेळा त्यानं माफी मागितली. मग म्हणाला, सौदा रद्द. तुमचा प्लॉट बांधकाम करारात आहे, त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत.

फोन ठेवला आणि ओनुकीबाई काठी टेकत मागच्या घराच्या दारात आल्या. ते दार तोकिए कुसाकाचं. तोकिएनं नगरपालिकेच्या बांधकाम परवानगीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी टेकडीवर कुणाला गटाराचं झाकण बदलायचं असलं तर तो आधी तिलाच विचारायचा.

"कुसाकासान, मी मेले आहे का?" ओनुकीबाईंनी दारातूनच विचारलं.

"अजून तरी नाही. चहा घेता?"

"मग माझ्या वतीनं संमत्या कोण देतंय?"

हिनाताओका टेकडीवर अठरा घरं. घरमालकांनी आपसात केलेला करार असा: प्लॉट दोनशे चौरस मीटरपेक्षा लहान करायचा नाही, दोन मजल्यांच्या वर चढायचं नाही, कुंपण भिंतीचं नको, झाडांचं हवं. दर दहा वर्षांनी करार नवा होतो, आणि ज्याची संमती नसेल त्याचा प्लॉट सोडून बाकीच्यांना लागू होतो. गेल्या डिसेंबरात तो नवा झाला. ओनुकीबाई ऑगस्टपासून मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन आधी दवाखान्यात आणि मग लेकीकडे होत्या. एप्रिलमध्ये त्या परतल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जिना आता आपला राहिला नाही.

म्हणून त्यांनी हिशेब केला. प्लॉट तीनशे दहा मीटरांचा. उत्तरेकडचा अर्धा विकायचा आणि दक्षिणेकडे खुर्ची ढकलत न्हाणीघरापर्यंत जाता येईल असं एकमजली घर बांधायचं. ते जमलं नाही तर सगळंच विकून वृद्धाश्रमातली चार चटया मावतील एवढी खोली.

"समितीचे अध्यक्ष मिनोबेसान दवाखान्यात आले होते विचारायला," त्या म्हणाल्या. "मी तोंडावर सांगितलं, पाय कसा राहील ठाऊक नाही, या खेपेला मी नाही. टरबूज आणलं होतं त्यांनी. टरबूज खाल्लं, पण संमती नाही दिली."

तोकिएनं चहा ओतला. उत्तरेकडच्या अर्ध्या भागात आज मुळ्याचे वाफे होते आणि वाफ्यांपलीकडे तिची स्वतःची बसायची खोली. तिथं दुमजली घर आलं की हिवाळ्यातलं दुपारचं ऊन गेलंच. ओनुकीबाईंचा शिक्का खोटा ठरला तर नुकसान तोकिएचंच होतं. दोघींनाही हे ठाऊक होतं, आणि दोघींनी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. खिडकीत तोकिएच्याच हाताखाली शिकलेला एक कारकून होता. त्यानं फाइल काढली आणि छाती पुढे करून म्हणाला, "मॅडम, मी स्वतः मोजलेत. अठरा घरं, अठरा शिक्के."

यादीच्या मधोमध ओनुकींचं नाव होतं. नावापुढे लाल गोल शिक्का, आणि त्याच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच.

ओनुकीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांचा चेहरा उतरला.

"शिक्का माझाच आहे," त्या म्हणाल्या.

२

ओनुकीबाईंचा रोजचा शिक्का दारातल्या जोड्यांच्या कपाटावर, एका बशीत पडलेला असे. टपालवाला आला की मारायला बरा. टेकडीवर अठरापैकी सतरा घरांत अशीच बशी होती. तोकिएच्या घरी बशीऐवजी जुनी साबणदाणी होती, एवढाच काय तो फरक.

बाई नसताना घराची किल्ली शेजारच्या रेइको होझुमींकडे होती. होझुमीबाई दारात आलेल्या माणसाला आधी खाऊ देत आणि मग बोलत. पण तोकिएनं प्रश्न विचारला तसा तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा त्यांनी परत बंद केला.

"म्हणजे मी चोर?"

"मी किल्लीचं विचारलं."

"किल्ली माझ्याच दाराच्या खिळ्यावर होती. कुणीही घ्यावी. इथं चोऱ्या होतात कधी? मी रोज जाऊन कुंड्यांना पाणी घालत होते. पार्सल आलं तर तिचा शिक्का मारत होते. सूचनांची पाटी आली की तिच्या नावापुढेही मारत होते. तसं नाही केलं तर पाटी तिथंच अडकून राहते, आणि मग मिनोबेसान घरोघर विचारत फिरतात."

ही पाटी म्हणजे टेकडीची जुनी रीत. एका फळीला सूचनांचे कागद लावलेले. पाटी या घरातून त्या घरात जाते. बघितलं, की आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात ठेवायची. ज्याच्याकडे त्या महिन्याची पाळी, तो पाटी काढतो.

"करार फिरत होता तेव्हा, ऑक्टोबरात, किती वेळा मारलात?"

"एकदाच. आगीच्या कवायतीची सूचना होती. मिनोबेसानची पाळी होती ना, त्यामुळं सगळं वेळेवर." होझुमीबाईंनी डबा पुन्हा उघडला. राग त्यांच्याकडे फार वेळ टिकत नसे. "पण कराराचा कागद आला असता तर मी हात लावला नसता. ते तिचं तिनं बघायचं."

"तुम्हाला काय हवं होतं? तिनं प्लॉट तोडावा की नाही?"

"माझ्या हवं-नकोला कोण विचारतं? प्लॉट मोडला तर ती इथं राहील, दहा पावलांवर. नाही मोडला तर जाईल. एवढं मला कळतं, मी काही खुळी नाही." त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी तोकिएच्या हातात चार चकत्या कोंबल्या.

तोकिए घरी परत निघाली. या बाईच्या हातात किल्लीही होती आणि शिक्काही. पण प्लॉट तुटला नाही तर मैत्रीण हातची जाते, हे तिला पक्कं माहीत होतं. मग ती असं कशाला करेल? तोकिएला एकच खात्री वाटत नव्हती, ती म्हणजे डिसेंबरातसुद्धा होझुमीबाईंना हे इतकं स्पष्ट कळत होतं की नाही याची.

३

कराराचे कागद कचेरीत नेऊन दिले ते मासानोरी उर्यूनं. हा टेकडीवरच राहणारा, शाळेचा उपमुख्याध्यापक होता, आणि घरातसुद्धा मैदानावर बोलावं तसा बोले.

"माझ्यावर संशय घ्या, बिनधास्त घ्या!" तो म्हणाला. "माझं कर्ज अजून अठरा वर्षं आहे. पलीकडच्या टेकडीचं काय झालं बघा. एकानं प्लॉट तोडला, पाच वर्षांत तिमजली खोकी उभी राहिली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या. ओनुकीसाननी तोडला तर माझ्याही घराची किंमत पडणार. मला तो करार हवाच होता."

"मग शिक्का तुम्हीच मारलात?"

"नाही! मी गठ्ठा नेला, एवढंच. मिनोबेसाननी लिफाफा चिकटवून दिला होता. मी त्यात फक्त एक पत्र आधी घातलं होतं, नऊ नंबरचं."

"नऊ नंबर म्हणजे काइझुका?"

उर्यूनं आवाज खाली आणला. त्याच्यासाठी ते विशेषच होतं. "काइझुका भाडेकरू आहेत. मालक तोदोरोकी, नागोयाला असतात. घर भाड्यानं दिलंय हे चारचौघांत नको, असं ते म्हणाले, म्हणून मी बोललो नाही. जमिनीचा मालक तेच, म्हणून संमती त्यांचीच लागणार. मी फोन केला, त्यांनी पत्र पाठवलं. मिनोबेसानना मी म्हटलं, नऊ नंबरची संमती सोबतच्या पत्रात आहे, यादीत रकाना मोकळा ठेवा. भाडेकरूची भानगड काही सांगितली नाही."

"त्यांनी ठेवला मोकळा?"

"मी बघितली तेव्हा यादीत तो रकाना मोकळाच होता. आणि आता तुम्ही विचारताच आहात तर सांगतो, चौदा नंबरचा, ओनुकीसानचाही मोकळा होता. मला वाटलं, त्यांच्याकडून नंतर घेतला असेल."

घरी येऊन तोकिएनं कचेरीतून आणलेली छायाप्रत टेबलावर पसरली. नऊ नंबरपुढे काइझुकाचा शिक्का होता. गठ्ठ्यात तोदोरोकीचं पत्रही होतं. म्हणजे अठरा घरांच्या एकोणीस संमत्या. कारकुनानं यादी मोजली, पत्र मोजलंच नाही. तोकिए त्याला मनातल्या मनात चार शब्द बोलली. त्यातले दोन स्वतःलाही होते, कारण पोराला तिनंच शिकवलं होतं.

मग तिची नजर स्वतःच्या नावावर गेली. कुसाका. पुढे गोल, फिकट, जरा पसरलेला शिक्का.

करारावर तिनं शिंगाचा कोरीव शिक्का मारला होता. असल्या कागदांना ती दुसरा शिक्का वापरतच नसे. पाचही पानं वाचून, शाईच्या लाल गोळ्यावर तीनदा दाबून मारलेला तो तिला लख्ख आठवत होता. समोरचा शिक्का साबणदाणीतला होता, प्लास्टिकचा, टपालवाल्यासाठी ठेवलेला.

म्हणजे खोटा फक्त ओनुकीबाईंचा शिक्का नव्हता. अख्खं पान खोटं होतं.

४

रविवारी टेकडीच्या सभागृहात पाचजण जमले. तोकिएनं गार सातूचं पाणी ठेवलं होतं. अध्यक्ष शुझो मिनोबे सगळ्यात आधी आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ कण्याचे, बँकेत अडतीस वर्षं काढलेले. टेकडीवरची पहिली कुंपणाची रोपं त्यांनी आणि त्यांच्या दिवंगत बायकोनं घरोघर जाऊन वाटली होती. ओनुकीबाई खुर्चीत बसल्या, होझुमीबाई त्यांच्या शेजारी, आणि उर्यू दाराशी.

"हे पान करारासाठी फिरलंच नव्हतं," तोकिए म्हणाली. "हे ऑक्टोबरातल्या कवायतीच्या सूचनेचं पान आहे. समितीचा छापील तक्ता सगळ्या कामांना एकच: नाव आणि शिक्क्याची चौकट. वरची सूचना काढून टाकली की उरतं ते काहीही असू शकतं. इथं माझा दारातला शिक्का आहे, भाडेकरूचाही आहे. पाटी राहणाऱ्याकडे जाते. संमती मालकाकडून घेतात."

"पण मग माझा?" ओनुकीबाई म्हणाल्या.

"तुमचा होझुमीसाननी मारला. कवायतीची सूचना बघितली म्हणून."

होझुमीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, मीच का?"

"तुम्ही तुमचं रोजचं काम केलंत. प्रश्न असा की पान बदललं कुणी." तोकिएनं छायाप्रतीवर बोट ठेवलं. "ज्याची पाळी, तो तक्ता भरतो. आपल्या डावीकडच्या घरापासून सुरुवात करतो आणि स्वतःचं नाव शेवटी लिहितो, कारण पाटी फिरून त्याच्याकडेच येते. या पानावर शेवटचं नाव मिनोबे. पाळी त्यांचीच होती, हे होझुमीसानही सांगतील. संमतीच्या यादीत अध्यक्ष पहिले होते. मी शिक्का मारला तेव्हा सगळ्यात वर त्यांचाच होता."

"पाटी काढली म्हणजे पान बदललं असं होत नाही," मिनोबे शांतपणे म्हणाले. "भरलेलं पान वर्षभर सभागृहातल्या कपाटात असतं. कुणीही काढावं."

"बरोबर. म्हणून मी उलटा विचार केला. ओनुकीसानचा शिक्का हवा असेल तर पान बदलायचा एवढा खटाटोप कशाला? किल्ली खिळ्यावर, शिक्का बशीत. खऱ्या यादीतल्या मोकळ्या चौकटीत तो एकदा दाबला की झालं. होझुमीसानना तर तो रोज हातात येत होता. त्यांना पान बदलायची गरजच नव्हती."

"आणि मी?" उर्यू दारातून ओरडला.

"नऊ नंबरला भाडेकरू आहे हे एकट्या तुम्हालाच माहीत होतं. पत्रही तुम्हीच मागवलंत. भाडेकरूचा शिक्का असलेलं पान तुम्ही कधीच जोडलं नसतंत."

तोकिएला मिनोबेंकडे बघवेना, तरी ती बघत राहिली.

"उरला तो माणूस, ज्याला नऊ नंबरची गोम माहीत नव्हती आणि ज्याच्या हातून दुसऱ्याचा शिक्का दाबला जाणं शक्यच नव्हतं. ज्यानं अडतीस वर्षं लोकांचे शिक्के भिंगाखाली ताडून बघितले. त्याच्या लेखी खोटा शिक्का म्हणजे पाप. पण पान बदलणं म्हणजे फक्त कागद इकडचा तिकडे."

मिनोबेंनी सातूच्या पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी कुणाचाही शिक्का मारलेला नाही," ते म्हणाले.

"नाही मारलात. तेच म्हणतेय मी."

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. ती खरी यादी होती. तिच्यात सोळा शिक्के होते, नऊ आणि चौदा नंबर मोकळे. ती त्यांच्यानं फाडवलीही नव्हती.

"वीस डिसेंबरची मुदत होती," ते म्हणाले. "नऊ नंबरचं पत्र होतं, म्हणजे अठरापैकी एकच चौकट रिकामी. मी रोज रात्री ती बघायचो. एका प्लॉटचं काही नाही हो. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"म्हातारी इथंच बसलीय, मिनोबेसान," ओनुकीबाई म्हणाल्या, "आणि तिला ऐकू येतं."

उर्यूला हसू फुटलं, पण त्यानं ते गिळलं. मिनोबेंचा चेहरा लाल झाला.

"मला वाटलं, तुमचाही यात फायदाच आहे. टेकडी राहिली तर तुमचंही राहील सगळं."

"मला न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही. टेकडीचं मी काय करू?" ओनुकीबाईंचा आवाज चढला नाही. "तुम्ही टरबूज घेऊन आलात. मला वाटलं, हा माणूस विचारायला आलाय."

मिनोबे उठले, कमरेत पूर्ण वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. तोकिएला त्यांची दया आली. त्यांनी जे वाचवायला पाहिलं त्यात तिची बसायची खोलीही होती, आणि डिसेंबरपासून ती त्याच खोट्या पानाच्या जिवावर निश्चिंत बसली होती.

५

खरी यादी बघून कचेरीनं करार रद्द केला. पान खोटं तर करार खोटा, संमत्या पहिल्यापासून घ्या, असं पत्र आलं. खिडकीतल्या पोरानं ते स्वतः टेकडीवर आणून दिलं आणि जाताना पत्राची पानं दोनदा मोजली.

मिनोबेंनी अध्यक्षपद सोडलं. नवी यादी कुणी फिरवायची यावर सभेत फारसा वाद झाला नाही. लोक तोकिएकडे बघत राहिले, आणि तिला नाही म्हणता आलं नाही. या खेपेला पाटी नाही. प्रत्येक मालकाच्या घरी बसायचं, पाचही पानं मोठ्यानं वाचायची, मग विचारायचं. काही लोक वाचता वाचता पेंगले. एकानं तिसऱ्या पानावर शिक्का उचलला, तर तोकिएनं त्याला चौथं आणि पाचवं ऐकवल्याशिवाय सोडलं नाही. पहिला शिक्का तिनं स्वतःचा मारला. दुसरा मिनोबेंचा.

शेवटी ती चौदा नंबरला गेली. ओनुकीबाईंनी उशी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "वाचा."

तोकिएनं वाचलं. दोनशे मीटरांचं कलम तिनं सावकाश वाचलं. वाचून झालं तेव्हा ओनुकीबाई खिडकीबाहेर मुळ्याच्या वाफ्यांकडे बघत होत्या.

"मी नाही म्हटलं तर तुमच्या खोलीचं काय होईल? खरं सांगा, तुम्हाला नकाशे कळतात."

"डिसेंबरात अकरापासून अडीचपर्यंत ऊन नाही. जानेवारीत तेवढंच. फेब्रुवारीच्या अखेरीस थोडं येईल."

"मोजलंत?"

"तीनदा. कमी निघतंय का बघत होते."

"मग तुम्ही हा कागद घेऊन का आलात? दुसऱ्या कुणाला पाठवायचं. मला तरी नाही म्हणणं सोपं गेलं असतं."

"मागच्या वेळी तुम्हाला विचारलं होतं," तोकिए म्हणाली, "पण तुमचं उत्तर कुणी नेलं नाही. म्हटलं, आता मीच नेते."

ओनुकीबाईंनी पेन घेतलं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: संमती नाही. मग खाली शिक्का दाबला, कागद उचलून शाईवर फुंकर घातली आणि दोन्ही हातांनी तोकिएपुढे धरला.

"वाईट वाटलं?"

"हो," तोकिए म्हणाली. "फार वाईट वाटलं."

तिनंही दोन्ही हात पुढे केले आणि कागद घेतला.